नव्वदीतल्या आज्जीचं ऑपरेशन करायचं की नाही?

पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेदहाला येळ्ळूरहून एका पोराचा फोन आला, "अक्का, आज्जी न्हाणीत घसरून पडलीय, उठायला येईना, एक पाय बाहेरच्या बाजूला वळलाय आणि आखूड दिसूलाय." एवढं ऐकूनच मला कळलं की खुबा मोडलाय. आज्जीचं वय ९१. सकाळी एक्स-रे झाला, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि दुपारपर्यंत घरात दोन तट पडले. थोरले काका म्हणाले नव्वदीच्या बाईला आता कशाला चिरताय, टेबलावरच गेली म्हणजे? आत्या म्हणाली पैसे मी घालते पण आईला असं तळमळत ठेवायचं नाही. आणि तो पोरगा मला बाजूला घेऊन विचारतोय, "अक्का तू खरं सांग, ह्या वयात वाचत्यात काय?"

मी फिजिओ आहे. बेळगाव शहरात, शहापूर-वडगाव-अनगोळला आणि आजूबाजूच्या गावांत घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना उठवणं, उभं करणं, चालवणं हे माझं रोजचं काम. हा प्रश्न मला सारखा कुणीतरी विचारतंच, दर वेळी फोनवर अर्धवट सांगून होतं म्हणून एकदा बसून सगळं लिहिते. गोळ्या चालू-बंद करायच्या त्या तुमच्या डॉक्टरांना विचारूनच, ते माझं काम नाही, पण विचारायचं काय हे मी नक्की सांगू शकते.

पहिली गोष्ट म्हणजे "वाचेल काय" हा अर्धाच प्रश्न आहे. उरलेला अर्धा असा, की वाचली तर कशी राहील? स्वतः उठून संडासला जाईल काय, स्वतःच्या हातानं चार घास खाईल काय, आपल्याला ओळखेल काय? ऐंशी-नव्वदीच्या पुढच्या माणसाला विचाराल तर बहुतेक जण ह्या दुसऱ्या अर्ध्याचीच काळजी करतात, मरणाला ते तेवढं भीत नाहीत, आपण भितो. आणि ह्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर आधार कार्डावरच्या जन्मतारखेत मिळत नाही.

कारण वय सारखं असून माणसं सारखी नसतात. माझ्याकडं ८८ वर्षांचे एक आजोबा आहेत, खानापूरकडचे, अजून सकाळी गोठ्यात जातात, धार काढतात, आणि शेजारच्याच घरात ८८ वर्षांचेच दुसरे आजोबा, दोन वर्षं झाली खाटेवरनं खाली पाय टेकलेला नाही, भरवावं लागतं. दोघांनाही उद्या न्यूमोनिया झाला तर आजार एकच, पण पुढं काय होणार ते एकदम वेगळं. हा फरक कशामुळं पडतो ते नीट समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं.

मे महिन्यातली विहीर डोळ्यासमोर आणा. वरनं बघितलं तर पाणी आहे, रोजच्या दोन कळशा निघतात, घरच्यांना वाटतं सगळं बरं चाललंय. पण त्याच विहिरीला मोटर लावून अर्धा तास उपसा केला की तळ दिसतो, आणि परत पाणी भरायला पावसाळ्यात एक रात्र लागायची तिथं आता चार दिवस लागतात. म्हाताऱ्या शरीराचं असंच असतंय. रोजच्या कामापुरती ताकद असते, शिल्लक नसते. ताप, जुलाब, पडणं, ऑपरेशन हा सगळा उपसाच. तरुण माणसाचं हृदय गरज पडली की ठोके पार वाढवू शकतं, म्हाताऱ्याचं तेवढं वाढवू शकत नाही. किडनी, फुप्फुसं, स्नायू, मेंदू, सगळ्यांची शिल्लक हळूहळू कमी झालेली असते आणि एकावर ताण आला की त्याच्या मागोमाग दुसरं बसतं. डॉक्टर ह्याला फ्रेल्टी म्हणतात, आपल्या भाषेत अंगातली शिल्लक संपत आलेली.

किडनीचं एक उदाहरण देते कारण इथं फार फसायला होतं. रिपोर्टात क्रिएटिनिन १.० आलं की घरचे खुश, किडनी नॉर्मल. पण क्रिएटिनिन म्हणजे किडनीनं रक्तातनं बाहेर टाकायचा कचरा, तो तयार होतो स्नायूतनं, आणि आज्जीच्या अंगावर स्नायू राहिलेत कुठं? म्हणून किडनी दमली तरी आकडा वाढत नाही. १९७६ पासनं डॉक्टर एक जुना हिशोब वापरतात, कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचा, त्यात वय आणि वजन घालावं लागतं. ३० वर्षांची ६० किलोची बाई आणि ९० वर्षांची ४० किलोची आज्जी, दोघींचं क्रिएटिनिन १.० च, पण हिशोब केला तर पहिलीची किडनी मिनिटाला ७८ मिलीच्या आसपास रक्त गाळते आणि आज्जीची जेमतेम २४. आकडा एकच आणि काम तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी. म्हणून मेडिकलमधनं स्वतःच्या मनानं आणलेली दुखण्याची गोळी नातवाला काही करत नाही आणि आज्जीला चार दिवसांत दवाखान्यात घालायला लावते.

ही शिल्लक किती आहे हे मोजायला मशीन लागत नाही. कॅनडातल्या केनेथ रॉकवूड नावाच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये एक साधी पट्टी काढली, आता तिच्यात १ ते ९ पायऱ्या आहेत. १ म्हणजे ठणठणीत, ६ म्हणजे आंघोळीला माणूस लागतंय, ७ म्हणजे सगळंच दुसऱ्यानं करायचं, ९ म्हणजे शेवट जवळ आलेला. ह्यातली कळीची गोष्ट अशी की आज आजारी पडल्यावर माणूस कसा दिसतोय त्यावर पायरी ठरवायची नाही, दोन आठवड्यांपूर्वी कसा होता त्यावर ठरवायची. कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवर पडलेली प्रत्येक म्हातारी मरायला टेकल्यासारखीच दिसते. तिथल्या ड्यूटी डॉक्टरला काय माहीत की ही परवा सकाळी तांदूळ निवडत बसलेली? ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून दवाखान्यात गेल्या गेल्या आपणहून सांगा की पंधरा दिवसांपूर्वी आज्जी काय काय स्वतः करत होती, चालायची काय, जिना चढायची काय, आंघोळ कोण घालायचं, हिशोब लक्षात राहायचा काय. माझ्या मते घरच्यांनी द्यायची सगळ्यात मोलाची माहिती हीच.

आता खुब्याकडं येऊ, कारण आपल्याकडं सगळ्यात जास्त चुका इथं होतात. "वय झालंय, ऑपरेशन सोसायचं नाही, घरीच ठेवूया, हाडवैद्याकडनं पट्टी बांधूया." माया असते म्हणूनच लोक असं करतात, पण नुकसान फार होतं. मोडलेला खुबा घेऊन आज्जी खाटेवर पडली की तिला कुशीवर वळवता येत नाही, प्रत्येक वेळी बेडपॅन देताना ती ओरडते, म्हणून मग ती पाणीच कमी पिते, लघवीला जळजळ, छातीत कफ साठतो, न्यूमोनिया, पाठीला बेडसोर, पायात रक्ताच्या गुठळ्या. हाड मोडलं म्हणून कोण जात नाही, पडून राहिलं म्हणून जातात. ऑपरेशनचा पहिला उपयोग चालण्यासाठी नसतोच, दुखणं थांबवून कुशीवर वळवता यावं, बसवता यावं ह्यासाठी असतो. हे मी कळवळून सांगते कारण पट्टी बांधून महिनाभर ठेवलेल्या आज्ज्या मला नंतर बघायला बोलावतात आणि तेव्हा माझ्या हातात करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं.

पण ऑपरेशन केलं की सगळं पहिल्यासारखं होतं असंही नाही. जगभरातले आकडे साधारण असे आहेत की म्हातारपणी खुबा मोडलेल्या १०० जणांपैकी २० ते ३० जण वर्षाच्या आत जातात, आणि जे राहतात त्यातले निम्म्याच्या आसपास लोक पहिल्यासारखं चालू शकत नाहीत, काठी लागते, वॉकर लागतो, कुणाला माणूस लागतो. हे घरच्यांना आधी कुणी सांगत नाही आणि मग तीन महिन्यांनी "एवढे पैसे घालून काय उपयोग झाला" असं येतं.

वेळेचं काय? जगभर सांगतात की शक्यतो २४ ते ४८ तासांच्या आत करा. आपल्याकडं हे दोन दिवस कशात जातात, तर पुण्याहून थोरला येऊ दे, गोव्याहून जावई येऊ दे, मिरजेला न्यायचं की कोल्हापूरला की बेळगावातच, ह्यात. अथणी-कागवाडकडच्या लोकांना मिरज जवळ आणि तिथं १८९४ साली मिशनचा दवाखाना सुरू झाला, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोक तिकडंच वळतात, निपाणीवाले कोल्हापूर बघतात, खानापूरवाले बेळगाव. कुठंही न्या, पण दोन दवाखाने फिरून तिसऱ्यात आडमिट करण्यात दोन दिवस घालवू नका. आता अगदी सहा तासांत करायलाच पाहिजे काय, तर तसं नाही. २०२० साली १७ देशांतल्या जवळजवळ तीन हजार लोकांचा अभ्यास आला, भारतातलेही दवाखाने त्यात होते, साधारण सहा तासांत केलं काय आणि २४ तासांत केलं काय, मरणाच्या आकड्यात फरक पडला नाही, मात्र लवकर केलेल्यांना भ्रम, म्हणजे ऑपरेशननंतर होणारा मेंदूचा गोंधळ, कमी झाला आणि ते लवकर उभे राहिले. फोनवर सगळ्यांना सांगून होकार घ्या, येणारे नंतर येऊ देत.

आणि ती भुलीची भीती. "पूर्ण भूल दिली तर उठायची नाही, कमरेतनं इंजेक्शन देऊन करतील काय विचार की वो," हे मी शेकडो वेळा ऐकलंय. २०२१ मध्ये खुब्याच्याच १६०० पेशंटवर हे तपासलं, अर्ध्यांना पाठीतनं भूल, अर्ध्यांना पूर्ण, आणि दोन महिन्यांनी बघितलं तर मरण म्हणा, चालणं म्हणा, दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. म्हणून ते भूल देणाऱ्या डॉक्टरांवर सोडा, त्यावरनं दिवस घालवू नका.

मग ऑपरेशन कुणाचंच टाळू नये काय? तसंही नाही, आणि हे सांगताना मला जपून लिहावं लागतंय. जो माणूस आधीपासनंच खाटेला खिळलेला आहे, ओळखत नाही, भरवावं लागतंय, म्हणजे त्या पट्टीवरचा ७-८, त्याच्या बाबतीत नेदरलँडमध्ये एक अभ्यास झाला, २०२२ साली आला. डॉक्टर, घरचे आणि जमेल तिथं पेशंट असं सगळ्यांनी बसून ठरवलं, काहींनी ऑपरेशन घेतलं, काहींनी फक्त दुखणं थांबवणारे उपचार घेतले. ऑपरेशन न केलेल्यातले ८३ टक्के महिन्याभरात गेले, केलेल्यातले २५ टक्के. पण गेले त्यातले बहुतेक तळमळत गेले नाहीत, त्यांचे राहिलेले दिवस ऑपरेशनवाल्यांपेक्षा वाईट नव्हते, आणि घरच्यांनाही तो निर्णय बरोबर वाटला. ह्यात "घरी नेऊन ठेवा" असं सोडून दिलेलं नव्हतं, दुखण्याचं औषध पुरेपूर दिलेलं होतं. आपल्याकडं ऑपरेशन नाही म्हटलं की औषधही बंद होतं, हा फार मोठा फरक आहे.

येळ्ळूरची आज्जी त्या १ ते ९ च्या पट्टीवर पाचाच्या आसपास. भाकरी थापायची नाही पण आंघोळ स्वतः, तुळशीला पाणी स्वतः. म्हणून ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर. आणि तिसऱ्या रात्री पोराचा परत फोन, ह्यावेळी रडतच. आज्जी वॉर्डात शेळ्या आल्यात म्हणून हाकलत होती, चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या बहिणीला हाका मारत होती, सलाईन उपसून टाकलं, आणि सुनेला म्हणाली तू कोण बाई? पलीकडच्या कॉटवरचं माणूस म्हणालं बाहेरचं काहीतरी असणार, उतरून टाका. कोण म्हणालं भुलीनं मेंदू गेला.

ह्याला डिलिरियम म्हणतात, आपण भ्रम म्हणू. मेंदूची शिल्लक कमी, त्यात रक्त गेलं, दुखतंय, झोप नाही, लघवी तुंबलीय, चष्मा घरी राहिला, रात्रभर लाइट चालू, चार दिवस शौचाला नाही, ह्यातल्या तीन-चार गोष्टी एकत्र आल्या की मेंदू गोंधळतो. वेड लागलेलं नसतं. बहुतेकांचा काही दिवसांत उतरतो, काहींचा महिनाभर रेंगाळतो, काही थोड्यांचा पूर्ण उतरत नाही. आरडाओरडा करणारा भ्रम निदान दिसतो तरी. दुसरा एक गप्प भ्रम असतो, आज्जी नुसती डोळे मिटून पडलेली, विचारलं तर हं म्हणते, घास तोंडात तसाच, आणि सगळे म्हणतात बिचारी शांत झोपलीय. हा जास्त धोक्याचा कारण कुणाचं लक्षच जात नाही. सकाळी चांगली बोलत होती आणि संध्याकाळी अशी, हे दिसलं की लगेच सिस्टरला सांगा.

भ्रम आवरायला औषधापेक्षा घरचं माणूस जास्त उपयोगी, हे मी मनापासून सांगते आणि त्याला पुरावाही आहे. अमेरिकेत शॅरन इनोये ह्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये दवाखान्यातल्या ८५२ म्हाताऱ्या पेशंटांवर बघितलं, चष्मा घालायला द्या, ऐकायचं मशीन द्या, पाणी पाजा, दिवसातनं उठवून चालवा, वार कोणता, आपण कुठं आहोत हे परत परत सांगा, रात्री झोपू द्या. एवढ्यावरच भ्रम १५ टक्क्यांवरनं ९.९ टक्क्यांवर आला. त्यात एकही महागडी गोष्ट नाही.

आणि आमच्या सीमाभागातली एक गोष्ट इथं सांगायलाच पाहिजे, दुसरीकडच्यांना ती कळणार नाही. भ्रम आहे की नाही हे बघायला पेशंटला प्रश्न विचारतात, आज वार कोणता, कुठल्या गावात आहात. त्या दिवशी ड्यूटीवरच्या सिस्टरनी कन्नडमध्ये विचारलं, "अज्जी, इवत्तु याव वार?" आणि जन्मभर मराठीत जगलेली, त्यात कमी ऐकू येणारी आज्जी नुसती बघत राहिली. नोंद झाली की पेशंटला काही कळत नाही. सिस्टरची चूक नाही, ती भली बाई होती, तिला मराठी येत नव्हतं एवढंच. नातवानं कानाजवळ जाऊन विचारलं "आज्जी, आज वार कुठला गं?" तर म्हणाली, "बेस्तवार न्हवं? उपास हाय माझा." ती तीन वेळा गोंधळली पण चौथ्यांदा बरोबर होती, आणि ते महत्त्वाचं होतं. म्हाताऱ्या माणसाची तपासणी त्याच्या भाषेत झाली पाहिजे, संमतीचा कागद कन्नड-इंग्रजीत असेल तर तो त्याला मराठीत कुणीतरी समजावून सांगितला पाहिजे. हुक्केरी-गोकाककडं उलटंही होतं, कन्नड आज्जी आणि मराठी बोलणारी सिस्टर. घरातलं भाषा येणारं एक माणूस सतत जवळ ठेवा, हे मी आता प्रत्येक घराला सांगते.

आता "आराम करू दे तिला". हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. २००७ मध्ये एक प्रयोग आला होता, साठीच्या पुढची धडधाकट माणसं घेतली, आजारी कुणीच नाही, आणि त्यांना फक्त दहा दिवस खाटेवर झोपवून ठेवलं. दहा दिवसांत पायातला जवळजवळ एक किलो स्नायू गेला. ती धडधाकट होती, पोटभर जेवत होती. नव्वदीची, ताप आलेली, दोन घास खाणारी आज्जी दहा दिवसांत किती गमावत असेल? म्हणून ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी आम्ही उभं करतो तेव्हा घरचे ओरडतात, "अवो मॅडम काय करताय, टाके तुटतील." टाके तुटत नाहीत, पाय तुटतात, म्हणजे पायातलं बळ तुटतं. उभं राहायला दुखत असेल तर आधी दुखण्याचं औषध मागा, पण उभं करा. खुर्चीत बसवून जेवायला द्या, खाटेवर पाडून भरवू नका, ठसका लागून अन्न फुप्फुसात जातं.

आणि जेवण. "म्हाताऱ्या माणसाला पचत नाही" म्हणून आपण भाताची पेज आणि चहा-बिस्किट एवढंच देतो, त्यात स्नायूला लागणारं काहीच नाही. प्रोटीन वजनाच्या किलोमागं दिवसाला निदान १ ते १.२ ग्रॅम तरी पाहिजे, आजारात त्याहून जरा जास्त, फक्त किडनी फार बिघडलेली असेल तर डॉक्टरांना विचारून. ४० किलोच्या आज्जीला म्हणजे ४०-५० ग्रॅम. दोन अंडी केली तर १२ ग्रॅमच्या आसपास, मग दूध, घट्ट वरण, दही, हुलग्याचं माडगं. माडगं आपल्याकडं आहेच की घरोघरी, ते विसरून आपण बाजारातले डबे आणतो. आजारपणात गुरुवार-एकादशी सोडा म्हणून आज्जीला समजावणं अवघड असतं, पण बहुतेक जणी देवाला सांगून दूध-दही तरी घेतात.

अजून एक कळायला हवं. म्हाताऱ्या माणसाला इन्फेक्शन झालं की ताप येईलच असं नाही, न्यूमोनियात कधी खोकलाच नसतो, हार्ट अटॅकला कधी छातीत दुखत नाही. "दोन दिवस झाले उठंना, जेवंना, बोलंना" एवढंच लक्षण असतं, किंवा विनाकारण पडणं. वयामुळं असेल म्हणून सोडू नका. वय दोन दिवसांत वाढत नाही.

गोळ्यांचं थोडक्यात. बीपीची गोळी ऐंशीनंतरही उपयोगाची आहे, २००८ मध्ये वरचं बीपी १६० च्या पुढं असलेल्या ८० वर्षांवरच्या ३८४५ जणांचा मोठा अभ्यास आला, त्यात मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले. पण त्यांनी बीपी १५० पर्यंतच आणायचं ठरवलं होतं, आणि ते लोक तसे बऱ्या तब्येतीचे होते. उठल्यावर चक्कर येणाऱ्या, अशक्त आज्जीचं बीपी १२० वर आणायचा हट्ट कशासाठी, हे डॉक्टरांना विचारा. ॲस्पिरिनचं उलटं निघालं. २०१८ मध्ये साधारण सत्तरीच्या पुढच्या १९,११४ निरोगी लोकांत बघितलं, काही फायदा नाही, रक्तस्राव मात्र वाढला. ज्यांना अटॅक येऊन गेलाय, स्टेंट आहे त्यांचं वेगळं, त्यांनी बंद करू नये. झोपेच्या गोळ्यांनी आज्ज्या रात्री पडतात आणि भ्रमही होतो, ह्यावर मी जास्त बोलत नाही. घरातल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक पुड्या, शेजारणीनं दिलेली गोळ्यांची पट्टी, सगळं एका पिशवीत घालून सहा महिन्यांतनं एकदा एकाच डॉक्टरांसमोर ओता.

डोळ्यांचंही तसंच, "आता कशाला मोतीबिंदू काढायचा." इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये २००५ साली सत्तरीवरच्या बायकांत बघितलं, पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन लवकर केलेल्यांचं पडणं ३४ टक्क्यांनी कमी झालं. हे ऑपरेशन डोळ्यापुरतीच भूल देऊन होतं आणि अंगातल्या शिलकीला फारसा हात लागत नाही.

आता सगळ्यात अवघड, आयसीयू. इथं आपली चूक उलट्या बाजूला होते. जो खुब्यासाठी नाही म्हणत होता तोच काका व्हेंटिलेटरला मात्र लगेच हो म्हणतो, कारण तिथं नाही म्हटलं तर लोक म्हणतील पोरांनी आईला मारलं. फ्रान्समध्ये २०१७ साली २४ दवाखान्यांतल्या ७५ वर्षांवरच्या ३०३७ गंभीर पेशंटांवर अभ्यास झाला, काही दवाखान्यांत मुद्दाम जास्तीत जास्त लोकांना आयसीयूत घेतलं, काहींत नेहमीसारखं. आयसीयूत जास्त लोक गेले, पण सहा महिन्यांनी जिवंत राहणाऱ्यांत वाढ झाली नाही. अमेरिकेत २००९ मध्ये वृद्धाश्रमातल्या डायलिसिस सुरू झालेल्या ३७०२ जणांचं बघितलं, वर्षाच्या शेवटी ५८ टक्के गेलेले आणि पहिल्याइतकं स्वतःचं स्वतः करणारे फक्त १३ टक्के. दवाखान्यात असतानाच हृदय बंद पडलं आणि छाती दाबून चालू करायचा प्रयत्न केला तर अमेरिकेतल्याच आकड्यात ६५ च्या वरच्या शंभरांत १८ दवाखान्यातनं जिवंत बाहेर पडले, नव्वदीच्या वर १२. टीव्हीत मात्र सगळेच उठून बसतात.

ह्याचा अर्थ आयसीयू नकोच असं नाही. धार काढणारे आजोबा न्यूमोनियानं धापा टाकत असतील तर चार-पाच दिवस आयसीयू द्यायलाच पाहिजे. मी घरच्यांना सांगते की आधीच डॉक्टरांना विचारा, "आपण हे किती दिवस करून बघणार, आणि तेवढ्यात काय सुधारलं तर पुढं जायचं, काय नाही सुधारलं तर थांबायचं?" तीन दिवस, पाच दिवस, असा करार करून घेतला की दहाव्या दिवशी शेत गहाण टाकायची पाळी येत नाही आणि मनातही राहत नाही.

थांबायचं म्हटलं तर कायद्यात बसतं काय, हा प्रश्न येतोच. बसतं. सुप्रीम कोर्टानं ९ मार्च २०१८ ला सांगितलं की सन्मानानं मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि बरं होण्याची आशा नसेल तर नुसतं जीव लांबवणारे उपाय थांबवता येतात. आधी त्याची पद्धत फार किचकट होती, २४ जानेवारी २०२३ ला सोपी केली. कर्नाटक सरकारनं जानेवारी २०२५ मध्ये दवाखान्यांसाठी तसं परिपत्रकही काढलंय, म्हणजे आपल्या बेळगावलाही ते लागू. तिघा-तिघा डॉक्टरांच्या दोन समित्या बघतात, घरच्यांची संमती घेतात, मग ठरतं. शुद्धीत असताना माणूस स्वतःही लिहून ठेवू शकतो, दोन साक्षीदार, नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरची सही, आणि आपल्या वतीनं बोलणाऱ्या जवळच्या माणसांची नावं. मराठीत लिहिलं तर सोबत कन्नड किंवा इंग्रजी प्रत जोडा, कॅज्युअल्टीत रात्री दोनला वाचणाऱ्याला कळायला पाहिजे. कागद जमत नसेल तर निदान बोलून घ्या. अशुभ वाटतं, मला ठाऊक आहे, आमच्या घरीही माझ्या आजोबांना विचारायला कुणाची जीभ रेटली नाही आणि शेवटी सात भावंडांची सात मतं झाली.

येळ्ळूरची आज्जी अकराव्या दिवशी घरी आली. भ्रम पाच-सहा दिवसांत उतरला, शेळ्यांचं तिला काही आठवत नाही. मी आठवड्यातनं तीनदा जात होते, पहिल्या महिन्यात खाटेवरनं खुर्चीत, मग वॉकरनं सोप्यापर्यंत, तिसऱ्या महिन्यात तुळशीपर्यंत. शेताकडं काही परत गेली नाही, जाणारही नाही, हे तिनं माझ्या आधी ओळखलं. न्हाणीत पोरानं दोन पाइप धरायला बसवलेत आणि खरबरीत फरशी घातलीय.

गेल्या वेळी व्यायाम झाल्यावर मीच विषय काढला, परत असं काही झालं तर काय करायचं आज्जी, पोरांना सांगून ठेवा की. काका तिथंच बसले होते, ते उठून जायला निघाले, तर तिनं थांब म्हणून खुणावलं. म्हणाली, "घशात नळी घालून आठ-आठ दिवस ठेवत्यात तसलं मला नको. दुखलं तर औषिद द्या, घरात ठेवा." मग सुपातले तांदूळ माझ्यापुढं सरकवत म्हणाली, "आणि दिवाळी झाली की माझे डोळे करून द्या. खडे दिसंनात मला."